पोटगीचा आकडा येतो कुठून?

डिसेंबर २०२४ मध्ये दहा दिवसांच्या आत सर्वोच्च न्यायालयाचे घटस्फोटाबाबत दोन निकाल आले. पहिल्यात पत्नीला एकरकमी ५ कोटी आणि मुलासाठी १ कोटी रुपये मिळाले. दुसऱ्यात पत्नीला १२ कोटी मिळाले. बातम्यांत आकडे ठळक छापले गेले आणि लग्न मोडले की कोट्यवधींचा हिशेब द्यावा लागतो, अशी समजूत घट्ट झाली. दुसऱ्या निकालातला महत्त्वाचा भाग मात्र फारसा कोणी वाचला नाही. त्या पतीने आधीच्या पत्नीला ५०० कोटी दिले होते आणि दुसऱ्या पत्नीची मागणी त्याच तोडीची होती. न्यायालयाने ती नाकारली. दोघांची संपत्ती सारखी करून देणे हा पोटगीचा हेतू नाही, हे त्या निकालात स्पष्ट लिहिले आहे.

तालुक्याच्या कोर्टात रोज चालणारे अर्ज मात्र आठ-दहा हजारांसाठी असतात. तिथे वाद टक्केवारीवर अडत नाही, तो अडतो उत्पन्नाच्या पुराव्यावर. कोणाचा संसार कोणामुळे मोडला, यावर दोन्हीकडची माणसे वर्षानुवर्षे बोलत राहतात. न्यायाधीशांना मात्र दोनच गोष्टी हव्या असतात: मागणाऱ्याला किती कमी पडते आणि देणाऱ्याची ऐपत किती. हे ज्यांना लवकर कळते त्यांचे प्रकरण लवकर मार्गी लागते.

पोटगीत काय येते आणि काय येत नाही

विभक्त किंवा घटस्फोटित जोडीदाराला, आणि मुलांना, जगण्यासाठी द्यायची रक्कम म्हणजे पोटगी. खटला चालू असताना मिळते ती अंतरिम पोटगी, निकालाबरोबर ठरते ती कायमची. कायमची पोटगी दरमहा असू शकते किंवा एकरकमी.

पोटगी म्हणजे मालमत्तेचा वाटा नाही. ‘घटस्फोट झाला की निम्मी इस्टेट बायकोची’ हे महाराष्ट्रात कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. नवऱ्याच्या नावावरचा फ्लॅट त्याचाच राहतो. तो हयात असताना त्याच्या वडिलोपार्जित जमिनीतही पत्नीला आपोआप हिस्सा मिळत नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल, तर हिस्स्याचा प्रश्न वेगळा सुटतो. गोव्यात चित्र निराळे आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि प्रत्येकाचा निम्मा हक्क असतो. सावंतवाडीतला आणि पेडण्यातला घटस्फोट पैशांच्या हिशेबात म्हणूनच सारखा नसतो.

स्त्रीधनही पोटगीत मोजायचे नसते. लग्नात आणि लग्नानंतर पत्नीला मिळालेले दागिने, भांडी, रोख भेटी हे सगळे तिचेच आहे. ‘दागिने परत दिले, आता पोटगी कसली?’ हा युक्तिवाद ऐकायला येतो, पण तिची वस्तू तिला परत देणे म्हणजे तिला काही देणे नव्हे.

अर्ज कोणत्या कायद्याखाली?

सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. बोलताना वकील आणि पक्षकार अजूनही ‘एकशेपंचवीस’च म्हणतात. हा मार्ग सर्व धर्मांसाठी खुला आहे. पत्नी, घटस्फोट होऊन पुन्हा लग्न न केलेली पत्नी, अज्ञान मुले, अपंगत्वामुळे स्वतःचे पोट भरू न शकणारी सज्ञान मुले आणि आई-वडील याखाली मागणी करू शकतात. पूर्वी याला महिना ५०० रुपयांची मर्यादा होती, ती २००१ मध्ये काढली गेली. मुस्लिम घटस्फोटितेला हा मार्ग आहे की नाही, यावरचा वाद १९८५ च्या शाहबानो निकालापासून चालत आला होता. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिलाही हा हक्क आहे असे पुन्हा ठामपणे सांगितले.

दुसरा मार्ग हिंदू विवाह कायदा, १९५५ चा. कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मिळतो, कलम २५ खाली कायमची पोटगी. यासाठी घटस्फोटाचा, विभक्तीचा किंवा नांदवण्याचा असा काही तरी दावा कोर्टात असावा लागतो. विशेष म्हणजे या दोन्ही कलमांखाली पतीही मागणी करू शकतो. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे नोंदणी पद्धतीने झालेल्या लग्नात, हा हक्क फक्त पत्नीला आहे.

तिसरा मार्ग कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५. छळ झाला असेल तर याखाली दरमहा रक्कम, राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचे आदेश एकाच अर्जात मागता येतात. लग्न न करता लग्नासारख्या नात्यात राहिलेल्या स्त्रीलाही हा कायदा लागू होऊ शकतो. ज्या बाईला घरातून बाहेर काढले आहे आणि जिला आधी डोक्यावर छप्पर हवे आहे, तिने हाच मार्ग आधी तपासावा.

तिन्हीकडे अर्ज केला तर तिप्पट मिळेल का? मिळणार नाही. एका शेताला दोन चाऱ्यांतून पाणी आले तरी पाळी एकच धरतात, तसे हे आहे. एका कोर्टाने ८,००० मंजूर केले आणि दुसऱ्याला १२,००० योग्य वाटले, तर आधीचे ८,००० वजा होऊन फरक तेवढा मिळतो. आधीचा आदेश दुसऱ्या कोर्टाला सांगणे बंधनकारक आहे. तो लपवला तर प्रकरण अर्जदारावरच उलटते.

अर्ज कुठे करायचा, ही अडचण मोठी वाटते पण नाही. नवरा नाशिकला आणि बाई माहेरी बार्शीला असेल, तर कलम १४४ चा अर्ज ती सध्या राहते त्या भागातल्या कोर्टातही करता येतो. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत कौटुंबिक न्यायालये आहेत. जिथे ती नाहीत तिथे कलम १४४ चा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातल्याच विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची कोणतीही अट नाही. विधी सेवा प्राधिकरणाची मदतवाहिनी १५१०० आहे.

‘पंचवीस टक्के’ हे सूत्र खरे की खोटे?

अर्धे खरे. पत्नीसाठी पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम न्याय्य ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात म्हटले आणि त्यासाठी १९७० च्या जुन्या निकालाचा आधार घेतला. पण कोणत्याही कायद्यात हा आकडा नाही. न्यायाधीश तो अंदाजाचा खुंटा म्हणून वापरतात आणि परिस्थितीप्रमाणे खाली-वर सरकतात. दोघांचे राहणीमान, वय, शिक्षण, लग्न किती वर्षे टिकले, मुले कोणाकडे आहेत, संसारासाठी पत्नीने नोकरी सोडली का, पतीवर आई-वडिलांची जबाबदारी आहे का, हे सगळे तोलले जाते.

खरी मेख ‘निव्वळ पगार’ या शब्दांत आहे. समजा, चाकणच्या कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याचा एकूण पगार ६२,००० रुपये आहे. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे ३,६०० आणि व्यवसाय कराचे २०० जातात. नव्या करप्रणालीत या पगारावर प्राप्तिकर शून्य. उरले ५८,२००. पुढे घरकर्जाचा हप्ता १८,००० आणि पतसंस्थेची कपात ९,०००. बँकेत जमा होतात ३१,२००. तो कोर्टात पासबुक दाखवून सांगतो, ‘हातात एकतीसच हजार येतात, त्यात माझेच भागत नाही.’

न्यायालय साधारणपणे कायद्याने सक्तीची वजावटच मान्य करते. प्राप्तिकर, व्यवसाय कर, सक्तीचा निर्वाह निधी एवढेच. कर्जाचा हप्ता, पतसंस्था, विम्याचे हप्ते, वाढवून घेतलेला निर्वाह निधी ही त्याने स्वतः निवडलेली देणी किंवा बचत आहे. हिशेब सुरू होतो तो ५८,२०० पासून. पंचवीस टक्क्यांचा खुंटा धरला तर पत्नीसाठी १४,५५०, आणि मुलाचा खर्च त्याहून वेगळा. ३१,२०० धरले असते तर हाच आकडा ७,८०० झाला असता. पगारपत्रकातल्या कोणत्या ओळी मान्य होतात यावर पोटगी जवळपास दुप्पट किंवा निम्मी होते, म्हणून पासबुकापेक्षा पगारपत्रक महत्त्वाचे. याला एक अपवाद लक्षात ठेवावा: ज्या घराचा हप्ता तो भरतो त्याच घरात पत्नी-मुले राहत असतील, तर तो हप्ता त्यांच्या निवाऱ्यावरचा खर्च म्हणून विचारात घेतला जाऊ शकतो.

मुलांचा खर्च नेहमी वेगळ्या रकान्यात मागावा. शाळेची फी, रिक्षा किंवा बस, वह्या-पुस्तके, शिकवणी, औषधे. पत्नीची पोटगी काही कारणाने नाकारली गेली किंवा तिने पुन्हा लग्न केले, तरी मुलाचा हक्क तसाच राहतो. दोन्ही रकमा एकत्र मागितल्या की पुढे त्या सोडवताना घोळ होतो.

शपथपत्र: सगळ्या प्रकरणाचा कणा

४ नोव्हेंबर २०२० चा ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा निकाल पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात उद्धृत होतो. हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेले होते. पत्नीला १५,००० आणि मुलाला आधी ५,००० व पुढे १०,००० अशी अंतरिम पोटगी होती. २०१३ मध्ये मागितलेली ही रक्कम २०२० पर्यंत पूर्णपणे हातात पडली नव्हती. ते पाहून सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. त्यातला सर्वांत मोठा नियम असा, की दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी ठरावीक नमुन्यातल्या शपथपत्रावर उघड करायची. उत्तर देणाऱ्याने चार आठवड्यांत आपले शपथपत्र द्यायचे. अंतरिम अर्ज शक्यतो चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा. टाळाटाळ करणाऱ्याचा बचाव न्यायालय रद्दही करू शकते.

हा नमुना लांबलचक आहे आणि बहुतेक माणसे तो कंटाळून भरतात. ‘माहीत नाही’, ‘लागू नाही’ असे शेरे मारून सही करतात. मोठे नुकसान इथेच होते. अर्जाआधीच हे कागद गोळा करावेत: विवाह नोंदणीचा दाखला किंवा लग्नपत्रिका आणि फोटो, मुलांचे जन्मदाखले, स्वतःच्या सगळ्या बँक खात्यांचे तीन वर्षांचे उतारे, पगारपत्रके, प्राप्तिकर विवरणपत्रे, घरभाड्याचा करार, शाळेच्या फीच्या पावत्या, औषधांची बिले. जोडीदाराचे जे कागद एकत्र राहताना घरात होते त्यांच्या छायाप्रती असतील तर उत्तम. नसतील तर त्याच्या बँका, कंपनी, गाडीचा क्रमांक, विमा पॉलिसी यांची निदान नावे तरी लिहून ठेवावीत. नाव माहीत असेल तर कंपनीकडून पगाराचा तपशील मागवण्याचा अर्ज कोर्टात देता येतो.

नोकरदाराचे उत्पन्न शोधणे तुलनेने सोपे. अवघड जाते ते धंदेवाईकाचे आणि शेतकऱ्याचे. दुकानदार विवरणपत्रात वर्षाला तीन लाख दाखवतो आणि मुलाच्या शाळेत सव्वा लाख फी भरतो. अशा वेळी खर्चावरून कमाई दाखवावी लागते: जीएसटीची विवरणपत्रे, चालू खात्यातली उलाढाल, गाडीचे कर्ज, क्रेडिट कार्डाची बिले, सहलींचे फोटो. ‘इतकी कमाई नाही तर हा खर्च कशातून झाला?’ या प्रश्नाचे उत्तर मग त्याला द्यावे लागते.

शेतकऱ्याच्या बाबतीत सातबारा आणि आठ-अ काढून जोडावा. सातबारा ऑनलाइन कोणालाही काढता येतो. पण नुसत्या सातबाऱ्यावर उत्पन्न कळत नाही. कारखान्याची ऊसबिले, दूध डेअरीची बिले, बाजार समितीतल्या हिशेबपट्ट्या, पीककर्जाची रक्कम यांवरून ते कळते. ‘जमीन वडिलांच्या नावावर आहे, मी नुसता राबतो’ असे सांगितले जाते, तेव्हा विहीर कोणी पाडली, ट्रॅक्टर कोणाच्या नावावर आहे, ऊस कोणाच्या खात्यावर नोंदलेला आहे हे पाहावे. एकत्र कुटुंबातल्या शेतीचे उत्पन्नही न्यायालय विचारात घेते.

नवरा परदेशात असेल तर शपथपत्रात तिथल्या चलनातले उत्पन्न आणि तिथला खर्च दोन्ही द्यावे लागतात. अमेरिकेतला पगार रुपयांत गुणून आकडा मोठा दिसतो, पण तिथले भाडे आणि करही तितकेच मोठे असतात. न्यायालय दोन्ही बाजू बघते.

बायकांकडून होणारी एक चूक इथे सांगायलाच हवी. स्वतःची छोटी नोकरी, शिकवण्या, शिलाईचे काम लपवू नये. महिना सात-आठ हजारांची कमाई उघड केली म्हणून पोटगी जात नाही. ती लपवली आणि समोरच्या वकिलाने खात्याचा उतारा पुढे केला, तर मात्र बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. शपथपत्रावर खोटे लिहिणाऱ्या कोणावरही, बाई असो वा पुरुष, फौजदारी कारवाई होऊ शकते.

अर्जाच्या तारखेला किंमत आहे

२०२० च्या त्याच निकालाने आणखी एक वाद संपवला. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. आदेश उशिरा झाला तरी मधले महिने बुडत नाहीत. १ मार्च २०२३ ला अर्ज केला, नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला महिना १२,००० मंजूर झाले, तर मधल्या ३२ महिन्यांचे ३,८४,००० रुपये थकबाकी म्हणून वसूल होतात. पण अर्जाच्या आधीचे महिने सहसा हातचे गेलेले असतात. ‘बैठक बसू दे, मामा बोलतो म्हणालेत, दिवाळीनंतर बघू’ यात दीड वर्ष गेले तर त्या दीड वर्षाचा हिशेब कोणी मागू शकत नाही. अर्ज केला म्हणून समेट बंद होत नाही. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात आणि समेटाचा प्रयत्न हा तिथल्या प्रक्रियेचाच भाग आहे. मग वाट पाहून फायदा कोणाचा?

नेहमीचे आक्षेप

‘ती पदवीधर आहे, कमवून खाऊ दे.’ कमावण्याची क्षमता असणे आणि प्रत्यक्ष कमावत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. बारा वर्षे संसार आणि मुले सांभाळलेल्या बाईला तिच्या बी.कॉम.वर उद्या सकाळी नोकरी लागत नाही. मात्र उच्चशिक्षित, कामाचा अनुभव असलेली, मुलांची जबाबदारी नसलेली स्त्री केवळ पोटगीसाठी घरी बसली आहे असे दिसले, तर रक्कम कमी होते, कधी नाकारलीही जाते.

‘ती कमावते.’ कमावणे हा आपोआप अडथळा नाही. तिच्या कमाईत पूर्वीसारखे राहणे जमते का, हा प्रश्न असतो. तो महिना दीड लाख मिळवतो, ती अठरा हजार मिळवते आणि दोन मुले तिच्याकडे आहेत, तर तिला पोटगी मिळू शकते. दोघांचा पगार जवळपास सारखा असेल, तर तिला स्वतःसाठी मिळण्याची शक्यता कमी. मुलांचा खर्च दोघांत वाटला जातो. ती माहेरी राहते आणि भाऊ तिचा खर्च चालवतो, याने नवऱ्याची जबाबदारी कमी होत नाही.

‘मी नांदवायला तयार आहे, तीच येत नाही.’ योग्य कारणाशिवाय पत्नी नांदायला नकार देत असेल तर कलम १४४ खाली पोटगी नाकारता येते, हे खरे. म्हणून पोटगीची नोटीस मिळताच घाईने नांदायला येण्याची नोटीस पाठवण्याची पद्धत पडली आहे. न्यायालय त्या नोटिशीच्या मागचे वर्तन पाहते. छळ, मारहाण, दुसरे लग्न किंवा दुसरी बाई ठेवणे ही न नांदण्याची योग्य कारणे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे सांगितले: नांदायला जाण्याचा हुकूमनामा पत्नीविरुद्ध झालेला असला आणि ती गेली नसली, तरी केवळ तेवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही.

‘माझी नोकरी गेली.’ खरोखर गेली असेल, आजारपण आले असेल, तर रक्कम कमी करून मिळते. बदललेल्या परिस्थितीप्रमाणे आदेश बदलण्याची तरतूद वरच्या तिन्ही कायद्यांत आहे. त्यासाठी अर्ज मात्र करावा लागतो. गुपचूप पैसे थांबवले तर थकबाकी जुन्याच दराने चढत जाते. पोटगीचा दावा आल्यावर महिनाभरात दिलेला राजीनामा न्यायाधीशांना कळतो. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकामुलांना पोसले पाहिजे, ही न्यायालयांची कायमची भूमिका आहे.

‘कायदा फक्त बायकांचा आहे.’ हिंदू विवाह कायद्याखाली पतीलाही पोटगी मिळते, आणि ती मिळालेली आहे. नांदेडमधल्या एका प्रकरणात शिक्षिका असलेल्या पत्नीने घटस्फोटित पतीला महिना ३,००० अंतरिम पोटगी द्यावी, हा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये कायम केला. उत्पन्न नसलेल्या, आजारी किंवा अपंग पतीने हा अर्ज संकोच न ठेवता करावा. अशी प्रकरणे कमी दिसतात, कारण नोकरी सोडून घर सांभाळणारे पुरुष कमी आहेत.

आणि फसवणुकीने झालेल्या दुसऱ्या लग्नाचे काय? पहिले लग्न लपवून ज्याने दुसरे केले, त्याला ‘ती माझी कायदेशीर बायकोच नाही’ असे म्हणून सुटता येत नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे २०१३ मध्ये ठरवले. फेब्रुवारी २०२५ च्या निकालाने तर रद्दबातल ठरलेल्या विवाहातही कलम २४ आणि २५ खाली पोटगी मागता येते, हे पक्के केले.

संमतीने घटस्फोट घेताना: एकरकमी की दरमहा?

परस्पर संमतीच्या घटस्फोटात रक्कम दोघे मिळून ठरवतात आणि ती संमतीपत्रात लिहिली जाते. इथे घाई फार महाग पडते, म्हणून नीट पाहू.

महिना १०,००० म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. सात टक्के व्याजाने एवढे उत्पन्न मिळवायला सुमारे १७ लाखांची ठेव लागते. म्हणजे कोणी ‘पाच लाख घे आणि मोकळी हो’ म्हणत असेल, तर ते महिना तीन हजारांच्याही खालचे बोलणे आहे. वय ३२ असेल तर महागाईही धरावी लागते. आजचे दहा हजार पंधरा वर्षांनी तेवढे पुरत नाहीत. दरमहा रक्कम घेताना वाढीची अट लिहून घ्यावी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात महिना ५०,००० आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ दिली, तसे.

दरमहा पोटगीत नवरा नोकरी बदलेल, पैसे अडवेल, दरवेळी कोर्टात जावे लागेल ही धास्ती असते. पत्नीने पुन्हा लग्न केले तर ती थांबते. एकरकमी रक्कम एकदा मिळाली की विषय संपतो. करही वेगळा लागतो. एकरकमी रक्कम भांडवली जमा मानली जाते आणि त्यावर प्राप्तिकर लागत नाही; दरमहा मिळणारी पोटगी उत्पन्न म्हणून करपात्र धरली जाते. देणाऱ्याला दोन्हीत कोणतीही वजावट नाही. ज्या नवऱ्याच्या पगाराची शाश्वती नाही त्याच्याकडून, शक्य असेल तर, एकरकमीच घ्यावी. सरकारी नोकरदार असेल तर दरमहाही चालते, कारण पगार जप्त करता येतो.

संमतीपत्रात हे मुद्दे सुटतात आणि मग रडू येते. रक्कम कोणत्या तारखेला, कोणत्या टप्प्याला: सगळी रक्कम शेवटच्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने, किंवा निम्मी पहिल्या जबाबाला. पुढच्या तारखांचे धनादेश घेऊन घटस्फोट देऊ नये. फ्लॅट पत्नीला द्यायचा असेल तर हक्कसोडपत्र की बक्षीसपत्र, नोंदणी केव्हा, मुद्रांक शुल्क कोण भरणार हे लिहावे. घरकर्ज दोघांच्या नावावर असेल तर ‘पुढचे हप्ते पती भरेल’ या ओळीने बँक बांधली जात नाही. त्याने थकवले तर बँक पत्नीच्याही मागे लागते आणि तिचाही सिबिल स्कोअर पडतो. घटस्फोटाआधी बँकेकडून नाव कमी करून घ्यावे किंवा कर्ज फेडून घ्यावे. स्त्रीधनाची यादी वजनांसह जोडावी.

‘मी पोटगीचा हक्क कायमचा सोडते’ असे काहीही न घेता लिहून देऊ नये. पोटगी सोडण्याचा असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे, पण तो मोडून काढायला पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते. मुलाचा हक्क तर आईला सोडताच येत नाही, कारण तो तिचा नाहीच.

आदेश मिळाला, पैसे मिळाले नाहीत

सर्वांत जास्त निराशा इथे येते. आदेशाची प्रत हातात असते आणि खात्यात एक रुपया नसतो. पहिल्या दिवशीच न्यायालयाला आपला खाते क्रमांक द्यावा आणि रक्कम थेट खात्यात जमा व्हावी, असे आदेशात मागून घ्यावे. नवरा रोख देत असेल तरी सही घेण्या-देण्याचा घोळ करण्यापेक्षा बँकेतूनच व्यवहार व्हावा. देणाऱ्याच्याही ते हिताचे आहे. ‘रोख दिले होते’ हे कोर्टात सिद्ध करता येत नाही.

कलम १४४ च्या आदेशाची रक्कम थकली तर वसुली अर्ज करावा. न्यायालय आधी जप्तीचे वॉरंट काढते आणि तरीही रक्कम न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकते. इथे एक अट फार बायकांना माहीत नसते: थकलेली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. चार वर्षे गप्प बसून एकदम वसुली मागितली, तर या मार्गाने शेवटच्या वर्षाचेच पैसे निघतात. म्हणून दर सहा महिन्यांनी हिशेब करावा आणि वर्ष भरायच्या आत अर्ज टाकावा.

हिंदू विवाह कायद्याखालचा आदेश असेल तर दिवाणी पद्धतीने दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल होते. एरवीच्या कर्जवसुलीत पगाराचा मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र एक तृतीयांश पगारच सुरक्षित राहतो, बाकीचा जप्त होऊ शकतो. कंपनीचे नाव, पत्ता आणि कर्मचारी क्रमांक दरखास्तीत दिला तर न्यायालय थेट कंपनीला रक्कम कापून भरायला सांगते.

काही नवरे ‘महिनाभर आत बसतो, पण पैसे देत नाही’ अशी भाषा करतात. तुरुंगात गेल्याने थकबाकी फिटत नाही. ती कैद पैसे भरायला लावण्यासाठी असते, आणि सुटून आल्यावरही तीच रक्कम त्याच्या नावावर उभी राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगून ठेवले आहे.